माटुंग्याची पंगत आणि घरातले पथ्य

मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे निदान झाले की औषधांच्या चिठ्ठीखाली बहुधा एक ओळ असते : ‘बाहेरचे खाणे बंद.’ ही ओळ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण घरात ती वाचली जाते निराळ्याच अर्थाने. आजोबांचे बाहेरचे खाणे बंद होते, मग त्यांच्यावाचून हॉटेलात जायला इतरांना संकोच वाटतो, मग कुटुंबाचे एकत्र बाहेर पडणेच कमी होते आणि शेवटी आजोबा रविवारीही दूरदर्शनसमोर बसून राहतात. साखर आटोक्यात आणण्यासाठी दिलेल्या सल्ल्यातून चालणे थांबते, माणसे भेटेनाशी होतात, आणि हे दोन्ही तोटे साखरेइतकेच खरे असतात. म्हणून पथ्य सांभाळून कुटुंबाला कुठे जाता येईल, असा प्रश्न आला की मी मुंबईत तरी पहिले नाव माटुंग्याचे घेतो.

याला एक ऐतिहासिक कारणही आहे. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली, आणि दाट, कोंदट वस्त्यांनी काय होते ते शहराने पाहिले. त्यानंतर 1898 मध्ये शहर सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांची आखणी त्याच मंडळाची. रुंद रस्ते, इमारतींभोवती मोकळी जागा, मर्यादित मजले, मध्ये बागा : हवा आणि उजेड घरात यावा हा त्यामागचा उद्देश. फाइव्ह गार्डन्सच्या रस्त्यांवर आज जी सावली मिळते ती शोभेसाठी आखलेली नव्हती. ती रोगाला दिलेल्या उत्तराचा भाग होती. पुढे याच वसाहतीत कचेऱ्यांत नोकरी करणारी तमिळ, मल्याळी, कानडी माणसे मोठ्या संख्येने राहू लागली आणि त्यांच्या सोयीसाठी खानावळी निघाल्या.

या खानावळींचे मूळ ध्यानात घेतले म्हणजे तेथील जेवणाचा स्वभाव कळतो. ते चैनीचे खाणे नव्हते. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला रोज पचेल, परवडेल असे ते जेवण होते. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकालगत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून चालू आहे. केळीच्या पानावर भाज्या, सांबार, रस्सम, भात, ताक असा तेथला बेत. मला हे ठिकाण मधुमेही माणसासाठी डोशाच्या हॉटेलांपेक्षा अधिक योग्य वाटते, कारण पानावर भाजी आणि डाळ दोन्ही असतात आणि भात किती घ्यायचा ते आपल्या हातात असते. आधी भाज्या आणि सांबार संपवावे, भात मागाहून आणि थोडा घ्यावा. त्याच पदार्थांच्या या नुसत्या क्रमबदलाने जेवणानंतरची साखर कमी चढते, हे आता अभ्यासांतून दिसून आले आहे. लोणचे आणि पापड मात्र पानाच्या कडेलाच राहू द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभरात मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे. रस्सम, सांबार आणि ताक मिळून त्यातला मोठा वाटा आधीच पोटात गेलेला असतो. आणि पोट भरले की पान दुमडावे. वाढप्याला ‘पुरे’ म्हणून चारदा सांगण्यापेक्षा ही खूण अधिक परिणामकारक आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की येथे जिना चढावा लागतो.

न्याहारीसाठी जायचे तर रामाश्रय आहे, म्हैसूर कॅफे आहे, शारदा भवन आहे आणि किंग्ज सर्कलच्या बाजूला कॅफे मद्रास. प्रत्येकाचे भक्त वेगळे, आणि त्या वादात पडण्यात अर्थ नाही. इडलीविषयी मात्र दोन शब्द लिहायलाच हवेत. ती वाफवलेली, तेलावाचूनची आणि आंबवलेली असते. आंबवण्याने ती पचायला सोपी होते आणि काही ब जीवनसत्त्वांचे प्रमाण वाढते. आजारातून उठलेल्याला, लहान मुलाला, दातांचा त्रास असलेल्या वृद्धाला तिच्यासारखे अन्न नाही. पण तिच्यात उडदाच्या तिप्पट-चौपट तांदूळ असतो, आणि जे पटकन पचते त्याची साखरही पटकन होते. मधुमेह्याने दोन इडल्या आणि वाटीभर दाट सांबार घ्यावे; चार इडल्या आणि नुसती चटणी घेऊ नये. नाचणीच्या डोशाबद्दलही एक गैरसमज पसरला आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि म्हणून वाढत्या मुलांना व पन्नाशीपुढच्या स्त्रियांना ती आवर्जून द्यावी. पण बारीक दळलेल्या नाचणीच्या पिठाने साखर वाढतच नाही असे मानून दोन डोसे खाणे बरोबर नाही. हिरव्या मुगाचा पेसरट्टू मिळाला तर मी तो अधिक पसंत करीन. रामाश्रयाच्या फळ घातलेल्या शिऱ्याची कीर्ती मोठी आहे; एक बशी मागवून सर्वांनी चमचाचमचा घ्यावा. निषेधाची पाटी लावून मधुमेह्याला शेजारी बसवून ठेवण्यापेक्षा ते बरे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. रविवारी सकाळी या हॉटेलांच्या दारात रांग असते. नाव सांगून बाहेर उभे राहायचे आणि पुकारा होण्याची वाट पाहायची. अर्धा-पाऊण तास सहज जातो. ज्याने घरून निघताना जेवणापूर्वीचे इन्सुलिन टोचून घेतले आहे, किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आहे, त्याच्यासाठी हा पाऊण तास धोक्याचा असतो. औषध आपले काम करू लागते आणि पोटात अन्न नसते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, माणूस चिडचिड करू लागतो किंवा बोलण्यात घोटाळतो. गर्दीत घरच्यांना वाटते, उन्हाने झाले, भुकेने वैतागले. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवतही नाही. केवळ घाम आणि गोंधळलेपण एवढीच खूण उरते.

अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम, पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी, आणि मग खायला घालावे. शिरा, मिठाई किंवा चॉकलेट देऊ नये, कारण त्यांतील तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. थेट रुग्णालय गाठावे. याहून चांगले म्हणजे अशी वेळच येऊ न देणे. बाहेर खायचे असेल त्या दिवशी इन्सुलिन किंवा गोळी केव्हा घ्यायची, टेबलावर बसल्यावर की पदार्थ समोर आल्यावर, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. प्रत्येक इन्सुलिनचा वेळ निराळा असतो. ग्लुकोजची पुडी खिशात असावी, आणि ती कोणत्या खिशात आहे हे बरोबरच्या नातवालाही ठाऊक असावे. रांग फार मोठी दिसली तर दुसरीकडे जावे. माटुंग्यात दुसरे चांगले ठिकाण पाच मिनिटांच्या अंतरावर असतेच.

फिल्टर कॉफीशिवाय माटुंग्याची न्याहारी पुरी होत नाही. मागवतानाच साखर वेगळी आणायला सांगावे, कारण न सांगितल्यास ती बहुधा आतच असते. मात्र थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घेणाऱ्यांनी गोळी आणि कॉफी यांत अर्धा ते एक तासाचे अंतर ठेवावे. नाहीतर गोळी पुरेशी शोषली जात नाही. रक्तक्षय असलेल्या मुलींनी आणि स्त्रियांनी कॉफी जेवणाबरोबर न घेता तासाभराने घ्यावी, म्हणजे अन्नातले लोह वाया जाणार नाही.

खाऊन झाल्यावर लगेच टॅक्सी करू नये. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे संथपणे चालले तरी साखरेचा चढ कमी होतो, आणि माटुंगा चालण्यासाठीच आखलेले आहे. बाजाराच्या गल्लीत फुलांचे गजरे, केळीची पाने, कोहळे, सुरण, शेवगा, ताजा कढीपत्ता यांचे ढीग असतात. म्हैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानाजवळून जाताना भाजलेल्या कॉफीचा वास येतो. हा फेरफटका व्यायाम म्हणून कोणी मोजत नाही, आणि त्यामुळेच वृद्ध माणसे तो कंटाळा न करता करतात. पुढे किंग्ज सर्कलची वर्तुळाकार बाग, महेश्वरी उद्यान. तेथील उड्डाणपुलाखालच्या जागेत गाड्या लागत आणि घाण साचत असे. रहिवाशांनी चिकाटी धरली आणि 2016 मध्ये तेथे नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणे घेणारी पायवाट असलेली बाग झाली. नागरिकांनी मिळवलेली जागा म्हणून तिचे मोल मोठे आहे. पावसाळ्यात तर तिच्यासारखा कोरडा आसरा नाही. पण दोन्ही बाजूंनी वाहने वाहत असल्यामुळे दमा असणाऱ्यांना मी थोडे पुढे फाइव्ह गार्डन्सकडेच पाठवीन. तेथे जमीन सपाट आहे, झाडे जुनी आहेत आणि बसायला बाके आहेत.

वाटेत शहाळे प्यावेसे वाटले तर बहुतेकांनी खुशाल प्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र ते टाळावे. शहाळ्यात पोटॅशियम पुष्कळ असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही शरीरातले पोटॅशियम वाढते, तेव्हा रोज शहाळे पिण्याची सवय असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावी.

संध्याकाळी जायचे असेल तर पश्चिमेला यशवंत नाट्यमंदिर आहे आणि शीवच्या बाजूला षण्मुखानंद सभागृह. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेली वृद्ध मंडळी नाटकाला नको म्हणतात त्याचे खरे कारण ती सांगत नाहीत. त्या दिवशी गोळीची वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारावे, आणि तिकिटे काढताना कडेच्या खुर्च्या मागाव्यात.

जाण्यासाठी कामाचा दिवस निवडता आला तर उत्तम. सकाळी आठच्या आत रांग क्वचितच असते, बसायला जागा मिळते, वाढप्याला साखर वेगळी आणायला सांगायला उसंत असते, आणि उन्हे चढण्याआधी फाइव्ह गार्डन्सची एक फेरीही होते. सुटीचा वार प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. निघण्यापूर्वी तेवढा विचारून घ्यावा.