पटकथा पोराची, पावती कोणाची?

मुलाची पटकथा परदेशातल्या स्पर्धेत 'अंतिम फेरीत' आली म्हणून विहारात पेढे वाटणारे आईवडील हल्ली अधूनमधून भेटतात. आनंद होतो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला शिवू दिले नाही, त्या समाजातले पोर सिनेमा लिहू लागले, तर आनंद कोणाला होणार नाही? पण आम्ही पडलो कारकून. पेढा तोंडात टाकता टाकता विचारतो, फी किती भरली? मग घरातला सूर जरा खाली येतो.

हिशेब असा आहे. अशा बहुतेक स्पर्धांचे अर्ज संगणकावरून भरतात आणि फी डॉलरमध्ये जाते. एका पटकथेला ५० डॉलर धरले, तरी आपले चार हजारांच्या वर गेले. उत्साही पोर वर्षात दहा ठिकाणी पाठवते. म्हणजे चाळीस हजार! हे पैसे कुणाच्या आईच्या भिशीतले असतात, कुणाच्या वडिलांनी फंडातून उचललेले. आणि यातल्या कित्येक स्पर्धा दर महिन्याला निकाल लावतात. विभाग पन्नास, विजेते शंभर. पण सभागृह नाही, पडदा नाही, प्रेक्षक नाही. दोन डहाळ्यांच्या मधोमध नाव छापलेले एक चित्र येते. ट्रॉफी हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. याला आम्ही महोत्सव म्हणत नाही, पावतीपुस्तक म्हणतो.

खऱ्या स्पर्धा नाहीत असे नाही. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीची निकोल फेलोशिप १९८६ पासून चालू आहे. हजारो पटकथा येतात, निवडतात जास्तीत जास्त पाच, आणि प्रत्येकी ३५,००० डॉलर मिळतात ते वर्षभरात नवी पटकथा लिहिण्यासाठी. पटकथा मात्र इंग्रजीतच हवी. शिवाय २०२५ पासून तिथे थेट अर्ज घेत नाहीत. ठरावीक संस्थांमार्फतच जावे लागते. तेव्हा 'निकोलला पाठवून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले, तर आधी चौकशी करावी.

आमच्या मते त्याहून उपयोगाच्या आहेत त्या कच्च्या पटकथेला हात देणाऱ्या संस्था. 'मसान'चेच पाहा. बनारसच्या घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोम समाजातल्या तरुणाची गोष्ट त्यात आहे. दिग्दर्शक नीरज घायवान आपली दलित ओळख उघडपणे सांगतात. हा सिनेमा अजून कागदावर होता, नावही 'फ्लाय अवे सोलो' असे वेगळेच होते, तेव्हा २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स संस्थेचा महिंद्राच्या सहकार्याने दिला जाणारा पुरस्कार त्याला मिळाला. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, फ्रान्सच्या कान महोत्सवात त्याने दोन पुरस्कार घेतले. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'लाही हॉलंडमधल्या रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीने सुरुवातीलाच आधार दिला होता. २०१४ मध्ये व्हेनिसला 'कोर्ट' गाजला. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला तो कोणा नटाने नव्हे, तर नागपूरचे आपले कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांनी. २०२१ च्या कोरोनात ते गेले.

आपल्याकडे सरकारी एनएफडीसीची पटकथा कार्यशाळा २००७ पासून आहे. 'द लंचबॉक्स' तिथूनच तावूनसुलाखून निघाला. तज्ज्ञ समोर बसतात, प्रश्न विचारतात, पाने फाडायला लावतात. चित्र छापून मिळण्यापेक्षा हे किती मोलाचे!

आणि नागराज मंजुळे? करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा कवी. शिकत असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या छोट्याशा लघुपटाने त्याला पहिला राष्ट्रीय पुरस्कार दिला. मग २०१३ चा 'फँड्री' आला. आधी दहा पंधरा मिनिटांचे नीट करून दाखवले, मग मोठे काम मिळाले. पोरांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

खरी अडचण आम्हाला भाषेची दिसते. गोष्ट मराठीत सुचते, वऱ्हाडीत सुचते. पण अर्जाला गोषवारा इंग्रजीत लागतो. तो लिहून देतो म्हणून पैसे उकळणारेही निघाले आहेत. वस्तीतल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी महिन्यातला एक रविवार या पोरांना दिला तर काय बिघडेल? आणि पटकथा कोणाच्याही हाती देण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंद करावी. सभासद होऊन ती संगणकावरून करता येते. कायदा लिहिलेल्या मजकुराला संरक्षण देतो, चहाच्या टपरीवर सांगितलेल्या कल्पनेला नाही. अर्जामागच्या बारीक अक्षरातल्या अटीही वाचाव्यात. हक्क कोणाकडे जातात ते तिथेच दडलेले असते.

खरे तर परक्या दारावर जाण्याची आपल्याला सवयच नव्हती. भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले तेव्हा कोणत्या परीक्षकाचा दाखला घेतला होता? आजही आपली दारे उघडू लागली आहेत. पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने चेन्नईत पी. के. रोझी यांच्या नावाने चित्रपट महोत्सव सुरू केला. रोझी या मल्याळम सिनेमाच्या पहिल्या नायिका. दलित असून पडद्यावर नायर स्त्री झाल्या म्हणून त्यांना गाव सोडावे लागले. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला दलित चित्रपट महोत्सव झाला, तो कोलंबिया विद्यापीठात. बाबासाहेब १९१३ मध्ये जिथे शिकायला गेले, तिथेच 'फँड्री' आणि 'मसान' दाखवले गेले.

मग आपल्या जयंती मंडळांनी काय करावे? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात तालुक्याची लघुपट-पटकथा स्पर्धा होते, हा हिशेब आम्ही दोन मंडळांच्या जमाखर्चावरून करून पाहिला आहे. फी नको. मराठीत, बोलीत, हाताने लिहिलेले चालेल. दहा पाने पुरेत. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. ज्या आजीला लिहिता येत नाही, तिने सांगावे आणि नातीने लिहून घ्यावे. नावे दोघींची लावावीत. निवडलेल्या तीन पटकथांना मोबाईलवर चित्रण करण्यापुरते पैसे द्यावेत आणि विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावून ते सर्वांना दाखवावे. १४ एप्रिलच्या वर्गणीची बैठक बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीत बसते. विषयपत्रिकेवर हा विषय डीजेच्या आधी घ्यावा. नंतर घेतला तर शिल्लक राहत नाही.