पोटगीचा हुकूम आणि गाव सोडलेला नवरा

जून २०२३ मध्ये जयपूरच्या न्यायालयात सात पोती आली. पोटगी थकविल्याबद्दल अटक झालेल्या एका नवऱ्याच्या नातेवाइकांनी ती आणली होती. आत एक व दोन रुपयांची नाणी, एकूण ५५,००० रुपये, वजन सुमारे २८० किलो. न्यायालयाने रक्कम नाकारली नाही. नाणी मोजून हजार-हजारांच्या थैल्या करण्याचे काम मात्र नवऱ्यावरच सोपविले. ही हकिकत गंमत म्हणून गाजली. पण हा इसम पोलिसांच्या हाती लागला म्हणूनच पैसे निघाले. तोच सुरतेला किंवा भिवंडीला निघून गेला असता तर?

कायदा याविषयी मुका नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२८ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४७ एकच सांगतात: नवरा जेथे असेल तेथील दंडाधिकारी हुकुमाची अंमलबजावणी करू शकतो. मात्र पक्षकारांची ओळख आणि थकबाकी यांविषयी त्याची खात्री पटली पाहिजे. ती पटवायची कोणी? हुकुमाची प्रत फुकट मिळते. ती घेऊन परमुलखात जायचे बाईने. रेल्वेभाडे, वकिलाची फी, बुडालेली मजुरी, सारे तिच्याच पदरी. शिवाय वसुलीच्या वॉरंटासाठी अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत व्हावा लागतो. पत्ता शोधण्यात दीड वर्ष गेले आणि अर्ज राहून गेला, की सुरुवातीच्या महिन्यांची थकबाकी या मार्गाने बुडालीच. दडून बसणाऱ्याला हे बक्षीसच नव्हे काय?

इंग्रज सरकारने १९२१ साली एक कायदा केला होता. साम्राज्याच्या एका भागातील पोटगीचा हुकूम सरकारी मार्गाने दुसऱ्या भागात जाई, तेथील न्यायालयात नोंदविला जाई आणि तेथेच वसूल होई. मडमेचा हुकूम समुद्र ओलांडू शकत होता. सांगानेरच्या छापखान्यात राबणाऱ्या बाईचा हुकूम आजही राज्याची हद्द तिच्या पिशवीतूनच ओलांडतो!

नागपूरहून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी अर्जाच्या तारखेपासून पोटगी आणि मिळकतीचे प्रतिज्ञापत्र असा दंडक घातला. तो स्वागतार्हच आहे. परंतु आकडा ठरणे निराळे, पैसा हाती पडणे निराळे. हुकूम देणाऱ्या न्यायालयानेच तो नवऱ्याच्या नव्या ठिकाणच्या न्यायालयाकडे धाडावा, तेथे पगारातून रक्कम कापली जावी आणि ती थेट बाईच्या खात्यात जमा व्हावी, अशी मागणी महिला संघटनांनी आणि कामगार संघटनांनी एकत्र लावून धरली पाहिजे.

कामगार संघटनांना येथे थोडे कटूही ऐकावे लागेल. सभासदाने पोटगी चुकविली की ‘घरगुती भांडण’ म्हणून कानाडोळा होतो. ज्या पत्त्यासाठी ती बाई वर्षभर वणवण करते, तो पुष्कळदा युनियनच्या सभासद-नोंदवहीत लिहिलेला असतो.