वाटेत राहिलेले

नेपरव्हिलची मंडळी आप्तेष्टांना आणावयास ओहेअर विमानतळावर जातात. तेथील दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘वाइल्डकॅट’ जातीचे एक ठेंगणे लढाऊ विमान ठेवलेले आहे. ज्याच्या नावाने हा विमानतळ १९४९ पासून ओळखला जातो, त्या एडवर्ड ओहेअरच्या विमानासारखे ते रंगविले आहे. ओहेअर हा वीर नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिक महासागरावरील चकमकीत पडला. हे विमान मात्र त्याचे नव्हे. ते मिशिगन सरोवराच्या तळातून वर काढलेले आहे. युद्ध जेथे कधी पोहोचलेच नाही, त्या पाण्यात ते कसे बुडाले?

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिकी नौदलाला विमानवाहू जहाजांवर उतरू शकणारे हजारो वैमानिक तातडीने हवे होते. खुल्या समुद्रात पाणबुड्यांचे भय होते. म्हणून सरोवरांतील दोन जुन्या उतारू आगबोटींचे वरचे मजले उतरवून त्यांवर सपाट धावपट्ट्या बसविण्यात आल्या. ‘वुल्व्हरिन’ ऑगस्ट १९४२ मध्ये आणि ‘सेबल’ मे १९४३ मध्ये नौदलात दाखल झाली. कोळशावर चालणाऱ्या, दोन्ही बाजूंना चाके फिरविणाऱ्या या बोटी शिकागोच्या नेव्ही पिअर धक्क्यावरून रोज निघत. विमानवाहू जहाजे म्हणून त्यांचे ध्यान काहीसे विनोदीच होते.

त्यांवर उतरणे मात्र विनोदाचे नव्हते. विशीच्या आसपासचा तरुण ग्लेनव्ह्यूच्या तळावरून एकटाच उडे. विल्मेट येथील बहाई मंदिराचा घुमट ही त्याची वाटेतली खूण. त्या मंदिराचे अर्पण १९५३ साली झाले, परंतु घुमट तेव्हाही दुरून दिसे. पुढे पाण्यावर सुमारे साडेपाचशे फुटांची एक फळी. तिच्या कडेला उभा असलेला अधिकारी हातांतील पट्ट्यांनी खुणा करी. विमानाच्या शेपटीखालचा आकडा आडव्या ताणलेल्या तारेत अडकला, तर बचावला. वेग थोडा कमी पडला, वारा मंदावला किंवा इंजिन रुसले, की खाली बर्फासारखे पाणी. हिवाळ्यातही हा सराव चालूच असे.

सतरा हजारांहून अधिक वैमानिक येथे तयार झाले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज बुश यांनीही १९४३ साली, एकोणीस वर्षांचे असताना, ‘सेबल’वर ही परीक्षा दिली. शंभराहून अधिक विमाने तळाशी गेली आणि आठ वैमानिक प्राणास मुकले. एवढ्या मोठ्या कामात आठ हा आकडा लहानच, असे हिशेब मांडणारे म्हणतात. ज्या आठ घरी तार पोहोचली असेल, तेथे हा हिशेब कोणी कसा समजावून सांगावा?

गिरमिटाच्या जहाजावर चढून ज्यांचा वाटेतच अंत झाला, त्यांनी उसाचे शेत पाहिलेही नाही. वंशजांनी त्यांची नावे घेतली नाहीत, कारण त्यांना वंशजच उरले नाहीत. या आठ जणांनी शत्रू पाहिला नाही. त्यांच्या वाट्याला लढाई आली नाही, म्हणून लढाईची कथाही आली नाही. विमानतळावरच्या त्या विमानावरही रंग आहे तो ओहेअरचाच.

युद्ध संपल्यावर दोन्ही बोटी भंगारात गेल्या. गोड्या, थंड पाण्यात विमाने मात्र फारशी गंजली नाहीत. गेल्या काही दशकांत त्यांतील अनेक वर काढून संग्रहालयांत ठेवली गेली. बाकीची अद्याप तळाशीच आहेत, आणि कायद्याने ती आजही नौदलाचीच मालमत्ता आहेत.