1090 मेगाहर्ट्झवरील गर्दीचे मापन: एक खुले पत्र

मा. अध्यक्ष, भारतीय विमानतळ प्राधिकरण, नवी दिल्ली, यांस,

दुय्यम रडार 1030 मेगाहर्ट्झवर प्रश्न पाठवते आणि विमानातील ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विचारताच आपोआप उत्तर देणारे यंत्र, 1090 मेगाहर्ट्झवर ओळख व उंची कळवते. टक्कर टाळणाऱ्या टीकॅस यंत्रणेला मिळणारी उत्तरे याच वारंवारतेवर येतात, आणि कोणी न विचारता सेकंदाला दोनदा स्थान जाहीर करणारे एडीएस-बीचे संदेशही तिथेच येतात. त्यामुळे ही वाट किती भरली आहे, हे निव्वळ विमाने मोजून कळत नाही.

एडीएस-बीचा संदेश 120 मायक्रोसेकंद चालतो. सारख्या ताकदीचे असे संदेश सेकंदाला 1000 या दराने अनियमितपणे येत राहिले, तर एखादा संदेश दुसऱ्याला न भिडता पोहोचण्याची शक्यता सुमारे 79 टक्के असते. दर 4000 झाला की ती 38 टक्क्यांवर उतरते. प्रत्यक्षात जवळच्या विमानाचा प्रबळ संदेश बहुधा तरतो आणि दूरच्याचा बुडतो, म्हणूनच संदेशांच्या मोजदादीबरोबर वारंवारता किती वेळ व्यापलेली होती आणि कोणत्या अंतरावरचे किती संदेश उलगडले, याचीही नोंद लागते.

प्रश्नांची गर्दी तितकीच घातक ठरते. 5 आणि 10 जून 2014 रोजी मध्य युरोपात अनेक विमाने नियंत्रकांच्या पडद्यांवरून काही काळ नाहीशी झाली, आणि युरोपीय विमान सुरक्षा संस्थेच्या तपासाने त्याचा संबंध ट्रान्सपॉन्डरवर झालेल्या प्रश्नांच्या अतिरेकाशी जोडला.

35,000 फुटांवरील विमान सुमारे 425 किलोमीटरपर्यंतच्या रडारांच्या टप्प्यात असते, तर जमिनीवरच्या ग्राहकयंत्राला त्यातले फारच थोडे प्रश्न ऐकू येतात. मुंबई आणि नवी मुंबई हे दोन विमानतळ आता एकाच आकाशात चालत असताना हे मापन आकाशातूनच व्हावयास हवे. प्राधिकरणाच्या उड्डाण तपासणी विभागाकडे स्वतःची विमाने आहेत. त्यांवर दोन्ही वारंवारतांची नोंद घेणारे यंत्र बसवून गर्दीच्या आणि निवांत वेळांतील आकडे घ्यावेत व ते प्रसिद्ध करावेत, ही आग्रहाची विनंती आहे.

12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन 349 जीव गेले, तेव्हा दिल्लीच्या नियंत्रकांजवळ विमानाची उंची दाखवणारे दुय्यम रडार वापरात नव्हते. आज ती उंची 1090 मेगाहर्ट्झवरून येते.