स्वभावाला औषध नाही?

'स्वभावाला औषध नाही' असं म्हणून आपण बायका किती सहज विषय संपवतो! पण मैत्रिणींनो, दरवेळी तो नुसता स्वभाव नसतो. बचत गटाच्या कामासाठी घरोघरी जाते, तेव्हा कानावर येतं, "सून भारी तापट हो. आज गळ्यात पडते, उद्या तोंड बघत नाही. रागात स्वतःलाच इजा करून घेते." मग कुणी अंगारा आणतं, कुणी 'माहेरी धाडा' म्हणतं.

'मला सगळे सोडून जातील' ही धास्ती, क्षणात पालटणारं मन, स्वतःला इजा करणं, हे वर्षानुवर्षं चालत असेल तर तो 'बॉर्डरलाइन' नावाचा व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो. निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञच करणार. शेजारणीवर शिक्का मारायचं काम आपलं नाही.

यावर हमखास गोळी नाही, हे खरं. पण उपचार आहे! अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान यांनी 'डीबीटी' ही पद्धत तयार केली. भावनांची लाट कशी सोसायची, नातं न तोडता आपलं म्हणणं कसं मांडायचं, हे त्यात शिकवतात. तरुणपणी आपणही मानसिक आजारातून गेलो, हे लिनेहानबाईंनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. वेळ लागतो, पण माणूस सावरतो.

साखर वाढली की आपण डॉक्टरकडे जातो ना? मग इथेच अंगारा का? 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. सुनेला माहेरी धाडण्याआधी एक फोन तर करून बघा!