अतिचंचल विद्यार्थी आणि त्यांचीं टोपणनांवें

प्रत्येक वर्गांत असा एखादा मुलगा असतोच कीं, जो बाकावर घटकाभर स्थिर बसत नाहीं. प्रश्न पुरता होण्यापूर्वींच तो उत्तर देतो, वही घरीं विसरतो, दोन ओळी लिहून खिडकीबाहेर पाहूं लागतो. कित्येकांची ही खोडी नसून अवधानाचा व चंचलतेचा विकार असतो. वैद्य त्यास ‘एडीएचडी’ म्हणतात. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालींच अशा प्रकारच्या मुलांविषयीं व्याख्यानें दिलीं होतीं. मुलींत तो पुष्कळदां नुसत्या अन्यमनस्कतेच्या रूपानें असतो, म्हणून ध्यानींही येत नाहीं.

अशा मुलास सोबती ‘माकड’ म्हणतात, त्याचा डबा लपवितात, आणि तो चिडला कीं टाळ्या पिटतात. परंतु हें नांव प्रथम कोणाच्या तोंडून निघालें? आमच्या मतें, बहुधा शिक्षकाच्या! गुरुजींनीं केलेली थट्टा मुलांस परवानगीच वाटते. ज्याचें लक्ष आधींच दहा ठिकाणीं धांवतें, त्यास अकरावें भय मागल्या बाकाचें. मग भूमितींत गुण कमी पडले तर नवल कसलें? वर प्रगतिपुस्तकांत शेरा असतोच: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाहीं.’

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही वर्ज्य केले आहेत. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. दहावींतला मुलगा त्याच्या कुंपणाबाहेर राहतो.

चंद्रपूर-गडचिरोलींत आणखी एक अडचण आहे. या विकाराचीं लक्षणें बाराव्या वर्षापूर्वीं, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणीं दिसावीं लागतात. भामरागड-एटापल्लीकडचें जें मूल आश्रमशाळेंत राहतें, त्याचें घरचें वागणें सांगणार कोण? शिवाय घरीं माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचें मराठी धड्यावरून लक्ष उडतें, तेथें विकार नसून भाषेचा अडसरही असूं शकेल. म्हणून शिक्षकानें स्वतः वैद्य होऊं नये. आईबाप भेटावयास येतील तेव्हां त्यांस विचारावें, टिपण ठेवावें, व जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवावी. वर्गांत त्यास पुढें बसवावें, काम तुकड्यांनीं द्यावें, मधूनमधून फळा पुसावयास उठवावें.

साठ मुलांत एकाचे लाड कसे पुरवावे, असें कोणी म्हणेल. मुलांस अडविणारे शिष्यही गर्दीची व्यवस्थाच पाहत असावेत; प्रभु येशू रागावला तो त्यांच्यावर. जूनअखेर नवे वर्ग भरण्यापूर्वीं, शिक्षकांच्या खोलींत मुलांचीं टोपणनांवें घेण्याची चाल आधीं बंद व्हावी, अशी आमची सूचना आहे.