दावा रुग्णालयाचा, पायपीट रुग्णाची

सरकारी रुग्णालयांत महागडे उपचार आता विनामूल्य मिळतात, हे वाक्य आपल्या अधिकारीवर्गात मोठ्या समाधानाने उच्चारले जाते. ते खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे. उपचार आणि रुग्ण यांच्यामध्ये 'दावा' नावाची एक खिडकी उभी राहिली आहे, आणि ज्यांचा जन्म कागदपत्रांत जातो त्या आपणच तिचा कधी विचार केलेला नाही.

भिलाईचेच पाहा. 4 फेब्रुवारी 1959 रोजी येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भट्टीभोवती नगर वाढले. कारखान्याचा कायम कामगार सेक्टर 9 मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयात जातो. ते त्याच्या कारखान्याचेच. त्याच भट्टीपाशी राबणाऱ्या कंत्राटी मजुराला 1948 च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विम्याचा आश्रय. केंद्र सरकारच्या नोकराला 1954 मध्ये सुरू झालेली आरोग्य योजना. आणि उरलेल्यांना शिधापत्रिकेवरचे आयुष्मान कार्ड. एकाच गावात, एकाच हृदयविकाराला चार दारे!

आमचा वाद या चौथ्या दाराशी आहे. तेथे आधी ओळख पटवावयाची, मग चाचण्यांचे अहवाल जोडून पूर्वसंमती मागावयाची, संमती आल्यावर शस्त्रक्रिया करावयाची आणि रुग्णाला घरी सोडल्यावर पुन्हा सारे कागद पाठवून ठरीव दराने पैसे मागावयाचे. राज्यातल्या दाव्याचा निकाल 15 दिवसांत आणि परराज्यातल्या रुग्णाचा 30 दिवसांत लागावा, असा दंडक आहे. म्हणजे गोंदियाचा रुग्ण दुर्गच्या रुग्णालयात आला की त्याच्या दाव्याला दुप्पट मुदत.

मौज अशी की छत्तीसगढने 2020 साली डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावाची योजना आणताना विमा कंपन्यांना मध्ये ठेवलेच नाही. पैसे राज्याची संस्थाच देणार. म्हणजे सरकारी रुग्णालयाचा दावा हा सरकारने सरकारकडेच केलेला अर्ज होय. एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे जावयाचे. आणि तोवर खाटेवरच्या माणसाने थांबावयाचे!

खासगी रुग्णालय दाव्यांसाठी स्वतंत्र माणसे नेमते, कारण त्याचे पोट त्यावर आहे. सरकारी रुग्णालयात हे काम बहुधा आधीच ओझ्याने वाकलेल्या डॉक्टरच्या आणि एखाद्या कंत्राटी संगणकचालकाच्या माथी येते. कागदात त्रुटी निघाली की पैसे अडकतात. पैसे अडकले की स्टेंट किंवा कृत्रिम सांधा खरेदी करावयास निधी उरत नाही. आणि मग नातेवाइकांना सांगण्यात येते, 'रायपूरला न्या.' कोणी नकार दिलेला नसतो, नियमही मोडलेला नसतो. रुग्ण मात्र रुग्णवाहिकेत असतो. हे कोणा एका रुग्णालयाचे गाऱ्हाणे नव्हे. या पद्धतीचेच ते फळ आहे.

'पण खोटे दावे होतात, त्यांचे काय?' असा प्रश्न येईल. होतात. देशाच्या महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच दूरध्वनी क्रमांकाशी जोडलेले आढळले. परंतु यातून काय सिद्ध झाले? एवढा कागद मागूनही लबाडाला वाट सापडली. अडकला तो प्रामाणिक माणूस. लेखापरीक्षा हवीच, ती उपचारानंतर व्हावी आणि रुग्णालयाची व्हावी.

आमची मागणी साधी आहे. सरकारी रुग्णालयाला महागड्या साहित्यासाठी आगाऊ रक्कम मिळावी आणि ती पुढे दाव्यांतून वळती करून घ्यावी. दाव्याच्या कामासाठी कायम व शिकवून तयार केलेला माणूस असावा. दावा फेटाळला गेला तरी त्याचा एक पैसाही रुग्णाकडून घेऊ नये. आणि ज्या विभागाने उपचार केले, त्या विभागाच्या औषधासाहित्यासाठी दाव्याच्या रकमेतला वाटा परत यावा.

यात अशक्य काय आहे? आमच्या वाचकांत लेखाधिकारी आहेत, वित्तविभागातले आहेत, रेल्वेतले आहेत. स्वतःच्या वैद्यकीय बिलावर 'त्रुटी' असा शेरा आला तर आपण चार पत्रे लिहितो आणि पैसे वसूल करूनच थांबतो. ज्याला एकही पत्र लिहिता येत नाही, त्याची फाईल आपल्याच कोणाच्या तरी मेजावर आहे. ती आज हलवावी, एवढेच आमचे मागणे आहे.